तारण झालं की नाही अशी शंका खाते तेव्हा काय करायचं

तारण म्हणजे येशूनं पापातून सोडवणं, ते आपलं झालं का हा प्रश्न सतावत असेल तर सगळ्यात आधी शंका नेमकी कशाची आहे ते कागदावर लिहून काढा, मोबाईलवर नको, कागदावरच. डोक्यात फिरते तोवर ती एकच भली मोठी वाटते, लिहायला बसलं की तीन-चार वेगवेगळ्या निघतात. येशू खरंच मेलेल्यातून उठला का, ही एक. उठला, पण माझ्यासारख्याला घेईल का, ही दुसरी. येशूला स्वीकारलं तेव्हा मी प्रार्थना मनापासून केली होती का, ही तिसरी. आणि यंदा पराटी (कपाशी) बोंडअळीनं खाल्ली, सोसायटीचं कर्ज तसंच आहे, मग देवानं मले सोडलं का, ही चौथी, आपल्याकडे ही लय घरांत असते पण चर्चमध्ये कोणी तोंडानं बोलत नाही. या सगळ्यांची उत्तरं वेगळी आहेत, आणि सगळ्यांना "भाऊ, तुमचा विश्वास कमी पडला" हे एकच उत्तर देणारे भेटले तर नमस्कार करून पुढे निघा.

पहिली शंका असेल तर बायबलमधलं १ करिंथ १५ वाचा, प्रेषित पौल तिथं साक्षीदारांची यादीच देतो आणि म्हणतो की पाचशेच्या वर लोकांनी एकाच वेळी उठलेल्या येशूला पाहिलं, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत, म्हणजे जाऊन विचारा असंच झालं ना. दुसरीला योहान ६:३७ पुरतं, जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही असं येशू म्हणतो, आणि त्यात कसा येतो, किती वेळा पडून येतो, याची अट घातलेली नाही.

तिसरीवर थोडं थांबू, कारण आपल्या गावांत त्रास हिचाच जास्त. कन्व्हेन्शनला, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभांना, मांडव पडतो, शेवटच्या रात्री प्रचारक विचारतात की नव्या जन्माची तारीख माहीत आहे का, आणि ज्याला माहीत नाही तो परत हात वर करून पुढे जातो. आमच्याकडच्या एका काकांच्या बायबलच्या पहिल्या पानावर तारणाची तारीख लिहिलेली, ती खोडून खाली दुसरी, ती पण खोडून तिसरी, शाई पण वेगवेगळी. आता बघा, मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून निघाला त्या जॉन वेस्लीची साक्ष सगळे सांगतात, २४ मे १७३८ ला लंडनमध्ये मन उबदार झालं वगैरे, पण पुढच्याच जानेवारीत त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं की मी ख्रिस्ती नाही, हे कोणी स्टेजवरून सांगत नाही! आपले नारायण वामन टिळक घ्या, राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला, मग वाचन, घालमेल, आणि बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत, यातला तारणाचा दिवस कोणता धरायचा? पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याला तर शास्त्र लहानपणापासूनच माहीत होतं, त्याची तारीख पौलानं कुठं विचारल्याचं दिसत नाही. म्हणून "तेव्हा मनापासून केली का" हे उकरत बसू नका, आज कोणावर भिस्त आहे ते विचारा.

निर्गम १२ मधली रात्र आठवा, मिसरात घराघरातला थोरला मुलगा मरणार होता आणि इस्राएली लोकांना दारावर कोकराचं रक्त लावायला सांगितलं होतं. एका घरात बाप निवांत बसला असेल, शेजारच्या घरात बाप रात्रभर थरथरत असेल की लेकरू सकाळी जिवंत दिसते का नाही, पण दोन्ही दारांवर रक्त लावलं असेल तर दोन्ही घरची लेकरं वाचली, कारण देव म्हणाला रक्त पाहून मी ओलांडून जाईन, बापाचं मन पाहून नाही. तुमचं पण तसंच, ख्रिस्तानं काय केलं तिकडे आधी बघा आणि स्वतःकडे नंतर.

स्वतःकडे बघायचंच नाही असं पण नाही बरं का. १ योहान पूर्ण वाचा, पाचच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात, आणि ५:१३ मध्ये योहान स्वतःच सांगतो की तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी हे लिहिलं. त्यात भावाबहिणींवर प्रीती, पाप कबूल करणं, आज्ञा पाळणं या खुणा आहेत. पण पहिल्याच अध्यायात तो हेही म्हणतो की आमच्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, म्हणून पास-नापास करू नका. आणि ही तपासणी एकट्यानं तर अजिबात नको, शंकेत असलेला माणूस स्वतःला शून्यच देतो. घरात विचारा, मी आधी कसा होतो, आता कसा आहे, बायको खरं तेच सांगते.

मत्तय १२ मधलं क्षमा नसलेलं पाप वाचून लय जणांची झोप उडते. तिथं परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे कट्टर यहुदी, येशूचं काम डोळ्यांनी बघून ते सैतानाचं म्हणत होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. तुम्हाला भीती वाटते, माफी पाहिजे आहे, म्हणजे तुम्ही त्या जागी नाही. तारण गमावता येतं का यावर मेथडिस्ट एक सांगतील आणि दुसऱ्या पंथाचे दुसरं सांगतील, तो वाद शंकेच्या रात्री उकलायला घेऊ नका, येणाऱ्याला येशू परत पाठवत नाही हे दोघांनाही मान्य आहे.

चौथीला उत्तर देताना मी घाई करणार नाही. पीक गेलं म्हणजे देव रागावला हे गणित बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचं, त्या भल्या माणसाचं सगळं गेलं तेव्हा ते त्यालाच दोष देत होते, आणि देवानं शेवटी त्या मित्रांनाच झापलं. स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे, तेच मोठ्यानं म्हणा, ती पण प्रार्थनाच आहे. पण झोप, भूक गेली असेल, एकच विचार दिवसभर सुटत नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर उपवास-प्रार्थनेवर भागवू नका, १४४१६ ला फोन करा, टेलि-मानसची सरकारी लाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, आणि सरकारी दवाखान्यात पण जा.

पाळकसाहेबांकडे तीन-चार गावं असतात, ते महिन्यातून एखाद्या रविवारी येतात, तोवर वाट बघू नका. मंडळीत जुनी जाणती आजी असेलच, तिला गाठा आणि विचारा की आजी, तुम्हाला कधी शंका आली होती का. यवतमाळात १९८३ पर्यंत मोठी सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा) होती, मग ती पुण्याला गेली, तिथं शिकलेलं कोणी म्हातारं तुमच्या भागात असेल तर आणखी चांगलं, फक्त वेळ काढून जा, चहा दोनदा होईल.

आणि प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) दिवशी मागच्या बाकावरून उठून जाऊ नका. १ करिंथ ११:२८ मध्ये माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं-प्यावं असं आहे, परीक्षा करून घरी जावं असं नाही. शंका घेऊनच पुढे या, भाकर हातात घ्या, आणि मार्क ९ मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापानं म्हटलं तेच म्हणा, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला तूच मदत कर.