गोड व्हॅनिलाचे दोन परफ्यूम: उन्हाळ्याला कुठला, थंडीला कुठला?

संक्रांतीला गुळाची पोळी आणि पाडव्याला श्रीखंड, हा क्रम आपण कधी उलटा करत नाही. व्हॅनिलाच्या परफ्यूमचंही तसंच आहे. दोन्ही बाटल्या गोडच, पण एकीचा गोडवा सांगलीच्या मे महिन्यात डोकं उठवतो, तर दुसरीचा जानेवारीच्या सकाळी जाणवतसुद्धा नाही.

आधी दुकानदाराला विचारा, व्हॅनिलासोबत आणखी काय आहे? कॅरमेल, चॉकलेट, टोंका बीन (व्हॅनिलासारख्या गोड वासाची एक बी), अंबर (राळेसारखा गोड, उबदार वास) असेल तर ती थंडीची बाटली. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ), संत्र्याची साल, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क) किंवा लॅव्हेंडर असेल तर उन्हाळ्याची. ‘कृत्रिम’ शब्दाला बिचकू नका. व्हॅनिलिन म्हणजे व्हॅनिलाला त्याचा वास देणारं द्रव्य. प्रयोगशाळेतलं व्हॅनिलिन १८७४ पासून आहे आणि बहुतेक परफ्यूममध्ये तेच वापरतात.

मग एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा मारा आणि काही न घेता बाहेर पडा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. लिंबासंत्र्याचे वास हलके, ते पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. व्हॅनिलिन जड, ते सावकाश उडतं. म्हणजे दुकानात आवडलेला वास दिवसभर तुमच्यासोबत राहणारा नसतोच. गणपती पेठेतली खरेदी उरका, तासाभराने मनगट हुंगा, पुन्हा चार तासांनी हुंगा. तेव्हाही वास आवडला आणि डोकं जड झालं नाही, तर ती बाटली तुमची. ही परीक्षा त्या-त्या ऋतूतच घ्या. एसीच्या गारव्यात आवडलेला परफ्यूम दुपारी दोनच्या उन्हात वेगळाच वागतो.

उष्णतेने वास भराभर वर येतो, म्हणून उन्हाळ्यात एकच फवारा पुरे. थंडीत अंग कोरडं पडतं आणि वास टिकत नाही. आंघोळीनंतर मनगटाला, मानेला थोडं व्हॅसलीन लावा आणि त्यावर दोन फवारे मारा. पावसाळ्यात मात्र जपून. नीट न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासावर गोड व्हॅनिला पडला की नको होतं. तेव्हा हलकाच घ्या, तोही कोरड्या कपड्यांवर.

पांढऱ्या कपड्यांवर मात्र मुळीच मारू नका. व्हॅनिलिन हळूहळू तपकिरी होतं. माझ्या एका सुती कुर्त्याच्या गळ्यावरचा पिवळट डाग कशानेच गेला नाही. बाटलीतला परफ्यूम गडद झाला तर मात्र घाबरू नका, वास ठीक असेल तर तो वापरण्याजोगाच असतो. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत न ठेवता कपाटात ठेवा.

दोन्ही परवडत नसतील तर सांगलीकरांनी हलकाच घ्यावा. मार्चपासून जूनपर्यंत ऊन, पुन्हा ऑक्टोबरचा चटका. आपल्याकडे जड व्हॅनिलाचे दिवस जेमतेम अडीच महिने. महाबळेश्वर-पाचगणीला राहत असाल तर खुशाल जड घ्या.