मिश्र साहित्यातून काल्पनिक प्राणी घडवताना या चुका टाळा

करवंटी, काथ्या, शाडू, कागदाचा लगदा, तार आणि शिंपले एकत्र करून मे महिन्याच्या सुट्टीत घडवलेला प्राणी श्रावण संपेपर्यंत धड राहिला, तरच तो नीट झाला असे कोकणात म्हणावे. वेंगुर्ल्यात मी लहानमोठ्यांकडून असे प्राणी करून घेते. पंखांची घोरपड, दोन तोंडांचा बगळा किंवा खेकड्याच्या पायांचा बैल दुरुस्तीला परत आला, की मी सर्वांत आधी त्याचे सांधे पाहते. करवंटी सहसा फुटलेली नसते आणि तारही तुटलेली नसते. सुटलेला असतो तो दोन वेगळ्या पदार्थांमधला जोड. प्रत्येक पदार्थ दमट हवेत आपापल्या चालीने फुगतो आणि सुकताना आपापल्या चालीने आक्रसतो. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत ही हालचाल जवळजवळ अखंड चालू असते. म्हणून पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका सांध्याच्या आणि ओलाव्याच्याच आहेत.

मान तडकते ती का

सर्वाधिक तक्रार मानेची असते. तारेचा सांगाडा करून त्यावर शाडूचा जाड थर एकदम थापला जातो, दिवसभर सगळे सुरेख दिसते आणि तिसऱ्या दिवशी मानेभोवती केसासारखी बारीक चीर उमटते. शाडू सुकताना पाच-सात टक्के सहज आक्रसतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या मानेला दीड-दोन सेंटिमीटरने आखूड व्हायचे असते; पण आतली तार तसूभरही आखूड होत नाही. ती माती धरून ठेवते आणि मातीला फाटण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. वरून पाण्याचे बोट फिरवून ती चीर बुजवली, तर केवळ झाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते.

यावर उपाय माती लावण्यापूर्वीच करायचा असतो. तारेवर आधी सुतळी किंवा कागदाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळाव्यात, म्हणजे मातीला पकड मिळते आणि आक्रसताना दबायला थोडी मऊ जागाही मिळते. शाडूत काथ्याचे बोटभर लांबीचे तुकडे नीट पिंजून मिसळावेत, कारण हे धागे चीर पुढे पसरू देत नाहीत. मानेचे आकारमान मातीने भरून काढण्याऐवजी ते आधी कागदाच्या बोळ्यांनी भरावे आणि माती फक्त वरच्या कातडीपुरती ठेवावी. प्राणी पुढे हलवावा किंवा हाताळावा लागणार असेल, तर शाडूचा हट्ट सोडून कागदाचा लगदाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्चा शाडू धक्का सोसत नाही.

तार निवडतानाही चूक होते. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार स्वस्त आणि वळवायला सोपी असली, तरी ओल्या लगद्यात ती गंजते आणि काही महिन्यांनी तांबूस डाग रंगातून वर येतात. जस्ताचा मुलामा दिलेली जीआय तार किंवा अ‍ॅल्युमिनिअमची तार वापरावी.

वाळले असे वाटणे आणि वाळणे

लगद्याचा थर पाच-सहा मिलिमीटरांपेक्षा जाड देऊ नये आणि पहिला थर पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा चढवू नये. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात ठेवलेल्या प्राण्याची वरची साल तासाभरात कडक होते, आत मात्र ओल कोंडून राहते आणि पुढे बुरशी येते ती तिथूनच. वारा खेळणाऱ्या पडवीत, सावलीत, रोज कूस बदलत वाळवणे हेच खरे. वाळले की नाही हे पाहण्यासाठी प्राणी गालाला लावावा. आत ओल असेल, तर बाष्पीभवनामुळे तो गार लागतो. याहून खात्रीचा मार्ग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा आहे: सलग दोन दिवस वजन तेच भरले, तरच रंगाचा डबा उघडावा.

इथे एक खास आपल्याकडची गफलत सांगायला हवी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकासुराचे पुतळे बांबू, गवत, रद्दी कागद आणि पिठाची खळ यांतून उभे राहतात. अनेकांचा हात त्याच कामावर बसलेला असतो आणि घरात ठेवायचा प्राणीही ते त्याच पद्धतीने करतात. पण नरकासुराला नरक चतुर्दशीच्या पहाटे जळायचे असते. टिकणे ही त्याची गरजच नाही. खळ म्हणजे झुरळांना आणि बुरशीला वाढलेले ताट आहे. जुने पुस्तक-बांधणीकार खळीत मोरचूद घालत असत, परंतु तो विषारी असल्यामुळे मुले काम करतात तिथे तो मुळीच आणू नये. टिकवायच्या कामात खळीऐवजी पांढरा फेविकॉल निम्म्या पाण्यात कालवून वापरावा. बांबू कोवळा आणि न भिजवलेला असेल, तर त्याला भुंगा लागतो आणि प्राण्याखाली पिवळसर भुकटी पडू लागते. म्हणून टिपऱ्या आधी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात चांगल्या मुरू द्याव्यात.

चिकटवण्याआधी पाहा

करवंटीचा पाठीचा भाग गुळगुळीत असतो आणि आत खोबऱ्याची तेलकट साल राहिलेली असते. त्यावर कोणताही डिंक फार दिवस टिकत नाही, आणि वर मुंग्याही येतात. आतली साल खरवडून काढावी आणि बाहेरून पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा. शिवाय जड अवयवासाठी केवळ चिकटवण्यावर विसंबू नये. करवंटीला दोन भोके पाडून तार आरपार ओवावी, पीळ द्यावा आणि मग त्यावर एम-सीलसारखे दोन भागांचे मिश्रण दाबावे. पांढऱ्या फेविकॉलमधले पाणी शोषायला दोहोंपैकी निदान एक पृष्ठभाग सच्छिद्र लागतो, त्यामुळे तार आणि शिंपला त्याने जोडू नयेत. फेविक्विकचा जोड कडक पण ठिसूळ असतो, म्हणून हलणाऱ्या शेपटीसाठी तो निरुपयोगी आहे. सांडलेले फेविक्विक सुती फडक्याने पुसू नये, कारण कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते. ग्लू-गनने जोडलेले पंख उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेमागे ठेवले, तर गळून पडतात.

थर्माकोलवर रबरी सोल्यूशन किंवा स्प्रेचा रंग पडला, की तो विरघळून खड्डे पडतात. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असल्याने त्याची सवयच सोडलेली बरी. हलका गाभा हवा असेल, तर नारळाचे वाळलेले सोडण, म्हणजे करवंटीबाहेरचे तंतुमय आवरण, उत्तम चालते.

किनाऱ्यावरून उचललेले साहित्य

पहिल्या वर्षी मी एका मकरावर शिंपल्यांचे खवले बसवले होते. शिंपले नुसते फडक्याने पुसले होते. आषाढात त्या खवल्यांखालून पाणी पाझरू लागले आणि दिवाळीच्या सुमारास रंगावर पांढरे मीठ फुलले. समुद्राचे मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होते. या उलथापालथीत रंग उखडतो. शिंपले आणि वाहून आलेले लाकूड गोड्या पाण्यात किमान आठवडाभर ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि मगच वाळवावे. पायथ्यात भार म्हणून वाळू भरायची असेल, तर तीही धुतलेली असावी.

सगळेच उचलू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रवाळ आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. लाटेने किनाऱ्यावर टाकलेला तुकडाही घरी आणू नये.

प्राणी उभा राहावा आणि जिवंत वाटावा

पुढे झुकणारा प्राणी बहुधा डोक्याच्या वजनाने पडतो. सांगाडा उभा असतानाच तो बोटावर तोलून त्याचा भारमध्य शोधावा आणि तिथून ओळंबा सोडावा. दोरी पायांच्या चौकटीत पडली नाही, तर पाय बदलावेत. रंगकाम झाल्यावर तळाला दगड चिकटवून हा दोष लपत नाही.

याहून खोल चूक म्हणजे अवयव नुसते डकवणे. मुरुडच्या जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पंजांत धरलेला शरभ कोरलेला आहे. असा प्राणी कोणी पाहिलेला नाही, तरीही तो खरा वाटतो, कारण त्याच्या पंजांत जोर आहे. पंख लावायचा असेल, तर आधी पाठीवर खांद्याचा उंचवटा घडवावा. खवले आणि केस जिथे भेटतात तिथे सरळ रेषा नसावी. खवले लहान आणि विरळ होत जावेत आणि त्यांच्या फटींतून काथ्या डोकावू लागावा. बाजारातून आणलेला बांगडा चिरण्याआधी हातात घेऊन पाहावा. त्याच्या शेपटीजवळ वर आणि खाली साधारण पाच-पाच छोट्या परांची रांग असते. पाठीवरचे काटे शेपटीपर्यंत कसे उतरत न्यावेत, हे ती रांग कोणत्याही चित्रापेक्षा चांगले शिकवते.

तडा गेलाच तर

चिरेवर रंग फासू नये. चीर सुरीने इंग्रजी व्हीच्या आकारात रुंद करावी, आतली सैल माती झाडून काढावी, पातळ फेविकॉलचा हात द्यावा आणि त्याच पदार्थाचा काथ्या घातलेला घट्ट गोळा दाबून भरावा. दोन दिवसांनी तिथे पुन्हा बारीक चीर दिसली, तर आतली तार हलत आहे असे समजून वरचे सगळे काढावे आणि पीळ नव्याने द्यावा. लॅकरचा, म्हणजे चमक देणाऱ्या वार्निशचा, अखेरचा हात पावसाळ्यात देऊ नये, कारण दमट हवेत तो दुधाळ होतो. दुरुस्त केलेला प्राणी दसऱ्यापर्यंत तसाच पडवीत राहू द्यावा, आणि चमक नंतर, तळाच्या न दिसणाऱ्या भागालाही द्यावी.