फ्लोरिनवाल्या लिगँडने ऱ्होडियमची रिॲक्शन लावण्याआधी

पहिली गोष्ट पहिली. लिगँड (धातूला धरून त्याचं वागणं ठरवणारा रेणू) ऱ्होडियमवर बसलाय हे फॉस्फरस-३१ एनएमआरवर (फॉस्फरस कुठे बसलाय ते रेघांनी दाखवणारी तपासणी) स्वतः बघितल्याशिवाय बोरॉनिक ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि महागडा लिगँड वाया गेला. बाकीची तयारी यानंतर.

रिॲक्शन तुमच्या ओळखीची आहे: सायक्लोहेक्सेनोनवर (पुढे नुसतं ‘एनोन’) फेनिल बोरॉनिक ॲसिडचं १,४-ॲडिशन, म्हणजे एनोनच्या दुहेरी बंधाच्या टोकाला फेनिल जोडणं. हायाशी आणि मियाउरा यांनी १९९८ मध्ये ती बायनॅप हा दोन फॉस्फरसवाला लिगँड घेऊन केली. डायॉक्झेन-पाणी, १०० अंश, ५ तास, ईई (डाव्या-उजव्या रूपांपैकी एकाचं दुसऱ्यावरचं आधिक्य) ९७ टक्के. एवढं तापवावं लागायचं, कारण त्यांच्या प्रिकर्सरमधला (ज्यापासून कॅटालिस्ट बनतो ते ऱ्होडियमचं संयुग) ॲसिटिलॲसिटोनेट ऱ्होडियमला मोकळं सोडत नव्हता. हायड्रॉक्साइड कॉम्प्लेक्स घेतल्यावर तीच रिॲक्शन ३५ अंशांवर चालते, हे हायाशींच्याच गटाने २००२ मध्ये दाखवलं. आता आपण वापरतोय तो लिगँड इलेक्ट्रॉनांची चणचण असलेला. ओकायामा विद्यापीठात कोरेनागा आणि साकाई यांनी २००९-१० च्या सुमारास मिथॉक्सी-बायफेप या दोन फॉस्फरसवाल्या लिगँडच्या चारही फेनिलांवर तीन-तीन फ्लोरिन बसवले, एकूण १२, आणि रिॲक्शन खोलीच्या तापमानावर आणली. टर्नओव्हर (एका ऱ्होडियममागे तयार झालेले रेणू) ३ लाखांच्या वर गेला. फ्लोरिन फॉस्फरसकडून इलेक्ट्रॉन ओढतात, फॉस्फरस ऱ्होडियमकडून ओढतो, आणि इलेक्ट्रॉनला भुकेलेला ऱ्होडियम बोरॉनवरचा फेनिल चटकन उचलतो.

पण हाच गुण उलटतो. असा फॉस्फिन ऱ्होडियमला इलेक्ट्रॉन कमी देतो, म्हणजे धरतोही जरा ढिलाच. बायनॅपसारखा तो आधीच बसलेल्याला झटक्यात हुसकावून लावेल असं गृहीत धरू नका. म्हणून प्रिकर्सर कोणता, हा प्रश्न इथे सगळ्यात मोठा आहे. कपाटात नेहमी असतो तो सायक्लोऑक्टाडाईनचा क्लोराइड डायमर (दोन ऱ्होडियमचा जोड-रेणू), आपल्या बोलण्यातला सीओडी डायमर. स्वस्त, हवेत टिकणारा, सगळ्यांच्या हाताशी. इथे तो नको. सीओडी बसलेला ऱ्होडियम बेस आणि पाणी मिळताच हायड्रॉक्साइड होतो, आणि तो हायड्रॉक्साइड याच रिॲक्शनचा उत्तम कॅटालिस्ट आहे, तोही खोलीच्या तापमानावर. फक्त त्याला डावं-उजवं कळत नाही. थोडा जरी शिल्लक राहिला तरी तो भराभर रेसिमिक, म्हणजे डावं-उजवं निम्मं-निम्मं असलेला माल तयार करत सुटतो. यील्ड झकास, टीएलसीच्या (शुद्धता बघायच्या) प्लेटवर एकच ठिपका, आणि ईई जमिनीवर.

तेव्हा इथिलीनचा क्लोराइड डायमर घ्या. नायट्रोजनखाली, फ्रीजमध्ये ठेवलेला. इथिलीन वायू आहे, एकदा सुटलं की परत बसायला येत नाही, म्हणून लिगँडला जागा मिळते. बाटली जुनी असेल आणि पावडर काळपट पडली असेल तर नवी मागवा. काळपट पावडरीवर मेहनत करू नका.

वजनं. ०.५ मिलिमोल एनोनवर ३ टक्के ऱ्होडियम म्हणजे ०.०१५ मिलिमोल ऱ्होडियम. डायमरमध्ये ऱ्होडियम दोन असतात, त्यामुळे डायमर ०.००७५ मिलिमोल, वजन २.९ मिलिग्रॅम. लिगँड १.१ पट, ऱ्होडियमच्या हिशेबाने, डायमरच्या नाही: साधारण १३.२ मिलिग्रॅम. इथे निम्मा लिगँड घेतलात तर निम्मा ऱ्होडियम उघडा राहणार. आणि २.९ मिलिग्रॅम तोलताना काट्यावरचा शेवटचा आकडा नाचतोच. त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट माल घेऊन टोल्युइनमध्ये स्टॉक सोल्युशन करा. एनएमआरलाही त्यातलंच वापरता येतं, म्हणजे ‘मटेरियल नाही’ ही सबबच उरत नाही.

आता मुख्य काम, आणि इथे घाई करायची नाही. डायमर टोल्युइनमध्ये, वरून लिगँड, नायट्रोजन चालू. बारीक बुडबुडे येतात, ते इथिलीन. भांडं बंद करून ते आत कोंडू नका, बाहेर जाऊ द्या. रंग गडद होतो. रंग बदलला म्हणजे काम झालं, असं अजिबात नाही. अर्धवट बसलेल्या लिगँडनेही रंग बदलतो. अर्धा मिलिलिटर नायट्रोजनखालीच एनएमआर ट्यूबमध्ये काढा, थोडं ड्यूटेरोबेंझिन घाला आणि फॉस्फरस-३१ लावा. मोकळ्या लिगँडचा सिंगलेट (एकेरी रेघ) शून्याच्या खालच्या बाजूला असतो. ऱ्होडियमवर बसलेला फॉस्फरस बराच वर सरकतो आणि त्याचा डबलेट (दोन रेघांची जोडी) होतो, कारण निसर्गातला सगळा ऱ्होडियम एकाच आयसोटोपचा, १०३, आणि त्याचा स्पिन अर्धा. क्लोराइड डायमरमध्ये दोन रेघांमधलं अंतर २०० हर्ट्झच्या आसपास. स्वच्छ डबलेट एकच असेल आणि शून्याखाली फक्त जास्तीच्या लिगँडची बारकी रेघ असेल, तर पुढे जा. दोन-तीन डबलेट दिसले, किंवा शून्याखालची रेघ तुम्ही जास्त घातलेल्या लिगँडच्या मानाने मोठी असेल, तर थांबा. अजून ढवळा, पुन्हा बघा. एनएमआरचा स्लॉट उद्याचा असेल तर रिॲक्शनही उद्या. ‘अर्धा तास ढवळलंय, बसला असेलच’ हे वाक्य मनात आलं की समजा, चूक तिथेच होणार आहे.

बाकी गोष्टी सोप्या. एनोन ताजा डिस्टिल केलेला, ४८ मायक्रोलिटर. बोरॉनिक ॲसिड १.५ पट, ९१ मिलिग्रॅम. त्यात थोडा बोरॉक्झिन (पाणी निघून गेल्यावर त्याचंच होणारं संयुग) असतोच, पाणी असल्यावर अडत नाही. १.५ पट का, तर ऱ्होडियमवर चढलेल्या फेनिलला पाण्यातला प्रोटॉन मिळून काही भाग बेंझिन होऊन वाया जातो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण ताजं करा. क्लोराइड काढून हायड्रॉक्साइड बसवायला ते लागतं, ट्रान्समेटलेशन (फेनिलचं बोरॉनवरून ऱ्होडियमवर जाणं) हायड्रॉक्साइडवरूनच होतं. टोल्युइनमधून नायट्रोजन सोडता तसा या पाण्यातूनही सोडा. लोक सॉल्व्हंट डीगॅस करतात आणि पाणी नळाखालून घेतल्यासारखं ओततात. विरघळलेला ऑक्सिजन बोरॉनिक ॲसिडचं फिनॉल करतो आणि फॉस्फिनचं ऑक्साइड. फ्लोरिनवाला फॉस्फिन हवेत घट्ट असतो, हे घन पावडरीपुरतं ठीक. द्रावणात, बेससोबत, भरवसा ठेवू नका.

क्रमही ठरलेला ठेवा: कॉम्प्लेक्सचं द्रावण, मग बेसचं पाणी, मग बोरॉनिक ॲसिड, शेवटी एनोन. कॉम्प्लेक्सचं द्रावण म्हणजे एनएमआर बघून झालेलं द्रावण. दुसरं कुठलंही नाही. लेबल लावा, त्यावर स्पेक्ट्रमचा फाइल नंबर लिहा. ज्या बाटलीवर नंबर नाही ती वापरायची नाही.

रेसिमिक सँपल आदल्या दिवशीच करून ठेवा. इथे मात्र सीओडी डायमर घ्या, लिगँड अजिबात नको. वर ज्याच्यावर एवढं चिडले तोच इथे कामाला येतो. रेसिमिक नसेल तर एचपीएलसीवर (डावं-उजवं वेगळं करून मोजणारं कॉलमचं यंत्र) एकच पीक आली तरी तुम्हाला कळणार नाही की ईई ९९ टक्के आहे की कॉलमने दोन पीक वेगळ्याच केल्या नाहीत. बायफेनिल (दोन फेनिल एकमेकांना जोडून झालेला) कुठे येतो तेही इंजेक्ट करून बघून ठेवा, बाय-प्रॉडक्ट म्हणून तो निघतो आणि पीकमध्ये मिसळला की हिशेब चुकतो.

वर्कअप नेहमीचं. कॉलम छोटा पुरतो. पूर्ण यील्ड म्हणजे ८७ मिलिग्रॅम, त्याहून जास्त भरलं तर सॉल्व्हंट राहिलंय. ईईला कॉलमच्या सगळ्या फ्रॅक्शन एकत्र करूनच सँपल काढा. ईई कमी आला तर लगेच तापमान आणि सॉल्व्हंट बदलत बसू नका. आधी तो फॉस्फरसचा स्पेक्ट्रम उघडा आणि शून्याखालची रेघ पुन्हा इंटिग्रेट करा.