खुबा बदलून झाला, तरी कंबर आणि मांडी दुखतेय? काय करावं, काय टाळावं

खुब्याचा सांधा बदलला की रात्री झोपेतून उठवणारी, पाऊल टेकू न देणारी जुनी कळ बहुतेकांची लवकरच जाते. पुढे दोन-तीन महिन्यांनी मात्र काही जणांना वेगळंच दुखणं जाणवू लागतं. कंबर भरून येते, मांडीत ओढ लागते, आजवर धड असलेला गुडघा कुरकुरतो. मग घरात कुणी म्हणतं ‘ऑपरेशन फसलं’, कुणी म्हणतं ‘वय झालं, चालायचंच’. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. दुखणं कुठे आहे आणि केव्हा होतं हे आधी नीट पाहायला हवं, कारण जांघेच्या दुखण्याचा उपाय कमरेला लागू पडत नाही, आणि चुकीच्या जागी केलेला व्यायाम दुखणं वाढवतो.

पुढची माहिती ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेलेल्यांसाठी आहे. जखम भरलेली असावी आणि पायावर पूर्ण वजन टाकायला सर्जननी परवानगी दिलेली असावी. स्नायूंची ताकद परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात थोडं दुखणं ही काळजीची गोष्ट नाही. दुखणं महिन्या-महिन्याने कमी होतंय की वाढतंय, हे महत्त्वाचं.

आधी बोट ठेवून जागा दाखवा

एका वहीत आठवडाभर रोज तीन गोष्टी लिहा: दुखण्याची जागा, त्या वेळी काय करत होतात, आणि शून्य ते दहामध्ये किती दुखलं. ही वही डॉक्टरांच्याही फार कामी येते.

जांघेत दुखत असेल तर संबंध बहुधा सांध्याशी किंवा त्याच्या पुढून जाणाऱ्या स्नायूशी असतो. रिक्षातून उतरताना, जिन्यावर पाय उचलताना, पलंगावर पाय वर घेताना जांघेत चमक येत असेल, तर कपाच्या, म्हणजे नव्या सांध्याच्या वाटीच्या, कडेवर तो स्नायू घासत असण्याची शक्यता असते. अशांनी पाय सरळ ठेवून वर उचलण्याचा व्यायाम थांबवावा. सर्वांत जास्त केला जाणारा आणि या दुखण्यात सर्वांत जास्त त्रास देणारा व्यायाम हाच. पलंगावर पाय घेताना हाताने किंवा पट्ट्याने आधार द्या.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या हाडावर दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर तिथले स्नायूबंध दुखावलेले असतात. ‘ताण दिला की मोकळं होईल’ असं वाटतं, पण पायावर पाय टाकून ताणल्याने ते हाडावर आणखी दाबले जातात.

बसून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं मांडीत कळ येते आणि मग चालता येतं, हे लक्षण महिनोन्‌महिने टिकलं किंवा काही वर्षांनी नव्याने सुरू झालं, तर मांडीच्या हाडात बसवलेला दांडा सैल झालाय का हे एक्स-रे काढून बघायलाच हवं.

कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली, पोटरी-पावलापर्यंत जाणारं, मुंग्या आणणारं दुखणं बहुतेकदा मणक्यातून आलेलं असतं. उभं राहिलं, चाललं की वाढतं, आणि ओट्यावर ओणवं झालं किंवा बसलं की कमी होतं, ही मणक्यातली जागा अरुंद झाल्याची खूण. उलट मोजे घालताना, गाडीतून उतरताना दुखणं हे खुब्याकडे बोट दाखवतं. नुसता गुडघा दुखत असेल तरी खुबा तपासून घ्या, कारण खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते.

कंबर का धरते

ऑपरेशनच्या आधी तुम्ही कित्येक महिने किंवा वर्षं लंगडत चाललेला असता. त्या काळात खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात आणि पाय पूर्ण मागे जात नाही. ती कसर कंबर भरून काढते, म्हणजे कमरेचा बाक वाढतो. सांधा नवा बसला तरी आखडलेले स्नायू आणि वाकायची सवय जुनीच राहते. खुबा आणि मणका असे एकमेकांत गुंतलेले असतात. वैद्यकात १९८३ पासून या गुंत्याला ‘हिप-स्पाइन सिंड्रोम’ असं नाव आहे. बऱ्याच जणांची कंबर खुबा सुधारल्यावर आपोआप सुधारते. ज्यांच्या मणक्यात स्वतंत्र झीज आहे, त्यांना मणक्याचे उपचार वेगळे घ्यावे लागतात.

आखडलेपणा घरीच तपासता येतो. कडक गादीवर उताणे झोपा. चांगल्या पायाचा गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, कमरेखालची पोकळी जाईपर्यंत. ऑपरेशनचा पाय सरळच राहायला हवा. त्याची मांडी गादीवरून उचलली जात असेल, तर पुढचे स्नायू आखडलेले आहेत. हाच त्यावरचा व्यायामही आहे: त्या पायाच्या गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा, २० ते ३० सेकंद धरा, तीन-चार वेळा, सकाळ-संध्याकाळ. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडू नका. दोन्ही खुबे बदललेले असतील तर हा व्यायाम फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय करू नका. आणि रात्रभर गुडघ्याखाली उशी ठेवायची सवय मोडा. आराम वाटतो, पण त्याने हेच स्नायू आणखी आखडतात. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी हवी.

पाय लांब झाल्यासारखा वाटतो

ही तक्रार फार ऐकू येते. पहिल्या तीन महिन्यांत ती बऱ्याचदा खरी नसते. स्नायू आखडल्याने ओटीपोटाचं हाड तिरकं झालेलं असतं आणि ते सैल झाले की फरक कमी होतो. म्हणून घाईने बुटात उंची घालू नका, नाहीतर शरीर त्या तिरकेपणालाच सरावतं. तीन महिन्यांनंतरही वाटत असेल, तर उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर फरक मोजून घ्या. एक सेंटिमीटरपेक्षा कमी फरक बहुतेकांना त्रास देत नाही. उंची द्यायचीच झाली तर पूर्ण फरक एकदम भरू नका. ३ मिलिमीटरच्या पट्टीने सुरुवात करा, दोन-तीन आठवडे बघा, मग वाढवा. आपल्याकडे एक अडचण हमखास होते: उंचीची पट्टी बाहेरच्या बुटात असते आणि दिवसाचे बारा तास माणूस घरात अनवाणी चालतो. तीच उंची घरातल्या सपातांनाही द्या.

ताकदीचे व्यायाम

जांघ किंवा बाहेरची बाजू फार दुखत नसेल तर हे दोन पुरेसे आहेत.

१. उताणे झोपून गुडघे वाकवा, तळवे टेकवा. आधी कुल्ले आवळा, मग कंबर उचला. पाच सेकंद धरा. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. कमरेत कळ आली तर तुम्ही कुल्ल्याऐवजी पाठीने उचलताय. कमी उंच उचला.

२. ओट्याला धरून उभे राहा. ऑपरेशनचा पाय सहा ते आठ इंच बाजूला न्या, चवडा समोर ठेवून. दहा वेळा. मग त्या पायावर उभे राहून दुसरा पाय न्या. धड दुसऱ्या बाजूला कललं तर व्यायाम वाया जातो, म्हणून पहिले काही दिवस आरशासमोर करा.

बाहेरची बाजू दुखरी असेल तर याऐवजी उताणे झोपून, गुडघे वाकवून, दोन्ही गुडघ्यांभोवती ओढणी बांधा. गुडघ्यांत वीतभर अंतर ठेवून ते हळूच बाहेर रेटा. पाय हलणार नाही, फक्त जोर लागेल. २० सेकंद, पाच वेळा.

किती करायचं याचं माप दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि सकाळी पहिल्यासारखं झालं तर प्रमाण बरोबर आहे. सकाळीही जास्तच दुखत असेल तर एक तृतीयांश कमी करा, बंद करू नका. चालण्यालाही हेच. सलग २० मिनिटं फरफटत चालण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं चार वेळा चाला.

काठी, खुर्ची, संडास

काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरणारे लोक रोज दिसतात. ती विरुद्ध हातात हवी, कारण तिथून दिलेला आधार खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंवरचा भार कमी करतो. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकदम पुढे जातात. रोजची चप्पल घालून हात सैल सोडा; मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. दहा मिनिटं न लंगडता चालता येत नाही तोवर काठी सोडू नका. लाजेपोटी लवकर सोडलेली काठी कंबरदुखीचं मोठं कारण ठरते. टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदला. ओल्या मोरीत ते घसरतं.

खुर्ची हातांची, टणक आणि बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत इतकी उंच हवी. खचणारा सोफा आणि बुटकी प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही टाळा. कमोडवर चार इंचांची वाढीव सीट मिळते. पाटावर, मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याआधी तुमच्या सर्जनना विचारा, कारण उत्तर सांध्याच्या प्रकारावर आणि तो कुठल्या बाजूने बसवला यावर अवलंबून असतं.

गोळ्या आणि शेक

पॅरासिटामॉल दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या वर डॉक्टरांशिवाय नेऊ नका. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर त्याहूनही कमी. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांच्या पाकिटावर पॅरासिटामॉलही आहे का ते वाचा. बऱ्याचदा असतं, आणि नकळत दुप्पट डोस होतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा मूत्रपिंडाचा अथवा ब्लडप्रेशरचा त्रास असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊच नका. दुकानातून मिळणाऱ्या बिननावाच्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ तर मुळीच नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे, आणि स्टेरॉइडमुळेच कित्येकांचा खुब्याचा गोळा मुळात खराब होतो. दुसरा खुबा अजून तुमचाच आहे, तो जपा.

शेक कमरेला १५ ते २० मिनिटं, पिशवी टॉवेलात गुंडाळून. टाक्यांच्या आसपास कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही, म्हणून तिथे नको. शेकाचं ‘डायथर्मी’ मशीन लावणार असतील तर आत धातू आहे हे आधी सांगा. त्या भागावर ते लावायचं नसतं. हाडवैद्याकडून सांधा ‘बसवून’ घेण्यात तो निखळण्याचा धोका आहे.

थांबू नये अशी लक्षणं

अचानक तीव्र कळ, पाय आखूड होऊन वळलेला, वजनच टाकता येत नाही: त्याच दिवशी रुग्णालय. पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं: ताबडतोब. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, त्या भागात बधिरपणा, पाऊल वर न उचलल्याने चप्पल निसटणं: ताबडतोब.

जखमेतून पाणी येणं, ताप, किंवा पूर्ण विश्रांतीतही रात्रंदिवस ठणका असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. इथे एक चूक फार महागात पडते. जवळच्या दवाखान्यात आधी अँटिबायोटिक सुरू होतं, आणि नंतर सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर जंतू सापडत नाहीत. प्रकृती गंभीर नसेल तर अँटिबायोटिकआधी सर्जनना गाठा. ते सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतील, गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढतील.

जाताना ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे, दुखण्याची वही आणि इम्प्लांटचं (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) कार्ड किंवा स्टिकर न्या. सैल झालेला सांधा एका फोटोत क्वचितच कळतो, दोन फोटो शेजारी ठेवल्यावर कळतो. कार्डावरून सांधा धातूवर धातू घासणारा आहे का हेही समजतं. त्यातला ‘एएसआर’ हा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला, आणि तो भारतातही बसवला गेला होता. तसा सांधा असेल तर दुखणं नसलं तरी सांधा घासून रक्तात उतरणारे कोबाल्ट आणि क्रोमियम हे धातू तपासून घ्या. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन स्टिकरची प्रत मागा.