खांद्याच्या दिवशी कोणते व्यायाम निवडावेत?

खांद्याच्या डेल्टॉइड स्नायूचे पुढचा, बाजूचा आणि मागचा असे तीन भाग असतात. मात्र छातीच्या दिवशी बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलणे) करताना पुढच्या भागाला भरपूर काम मिळालेलेच असते, त्यामुळे खांद्यांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी फ्रंट रेजचे (हात समोरून वर उचलण्याच्या व्यायामाचे) सेट वाढवत बसणे बहुधा वेळेचा अपव्ययच ठरते. सुरुवातीला, अंगात जोर असतानाच, डोक्यावर वजन उचलण्याचा एक प्रेस करावा; बारबेलने (लांब दांड्याच्या वजनाने) खांद्यात टोचत असेल तर डंबेल घ्यावेत आणि कोपरे थेट बाजूला न ताणता किंचित पुढे ठेवावीत. मानेमागे बार उतरवण्याचा प्रकार, खांदे पुरेसे मोकळे नसतील तर, टाळलेलाच बरा. त्यानंतर खरा भर लॅटरल रेजवर (हात बाजूंनी वर उचलणे) आणि मागच्या भागासाठी पुढे वाकून केलेल्या रिव्हर्स फ्लायवर (हात बाजूंना मागे उघडणे) द्यावा. लॅटरल रेज करताना खांदे कानांकडे चढत असतील किंवा कमरेचा झोका घ्यावा लागत असेल, तर निमूटपणे हलके डंबेल उचलावेत (आरशासमोरचा रुबाब थोडा कमी होतो, इतकेच); १२ ते १५ वेळा सावकाश उचलता येईल आणि उतरवताना हात धपकन खाली पडणार नाही, एवढे वजन पुरते.