चिनी लोकांची समग्र विचारशैली मोजायची कशी

गाय, कोंबडी, गवत. यांतल्या कोणत्या दोन गोष्टी एकत्र ठेवाल? गाय आणि कोंबडी निवडली, तर तुम्ही जात पाहिलीत: दोन्ही प्राणी. गाय आणि गवत निवडले, तर नाते पाहिलेत: गाय गवत खाते. जातीने गट करणे हे विश्लेषक विचारशैलीचे लक्षण मानतात आणि नात्याने गट करणे हे समग्र विचारशैलीचे. ल्यांग-ह्वांग च्यू यांनी १९७२ मध्ये तैवानची आणि अमेरिकेची शाळकरी मुले तपासली, तेव्हा तैवानची मुले नात्याकडे झुकली. तेव्हापासून ही त्रिकूट चाचणी या विषयातले सगळ्यात स्वस्त हत्यार आहे.

आणि सगळ्यात जास्त बिघडवलेलेही. इंग्रजी त्रिकुटे उचलायची, कुणाकडून तरी चिनीत करून घ्यायची, शंभर विद्यार्थ्यांकडून भरून घ्यायची आणि सरासरी काढायची, हा नेहमीचा सल्ला. अशा सरासरीत विचारशैली किती आणि चिनी लिपी किती, हे नंतर कुणालाच वेगळे काढता येत नाही.

संख्याशास्त्र आणि संशोधन-नीतीची परवानगी तुम्हाला ठाऊक आहे, असे धरून पुढचे लिहिले आहे.

काय मोजणार ते आधी ठरवा

‘समग्र विचार’ ही एक वस्तू नाही. इन्चोल चोई आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रश्नावलीत तिचे चार भाग आहेत: कार्यकारणभाव, विसंगतीकडे पाहण्याची वृत्ती, बदलाविषयीची अपेक्षा आणि लक्ष तपशिलावर जाते की पूर्ण चित्रावर. विधाने २४, प्रत्येक भागाला ६, उत्तरे १ ते ७. यातला कोणता भाग हवा ते एका ओळीत लिहून ठेवा. चारही हवे असतील तर एकच चाचणी पुरणार नाही.

नमुना

‘चिनी’ हा नमुना होत नाही. थॉमस टालहेम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बीजिंग, फुजियान, ग्वांगडाँग, युनान, सिचुआन आणि लियाओनिंग या सहा ठिकाणचे १,१६२ हान (चीनमधला बहुसंख्य समाज) विद्यार्थी तपासले. भातशेतीच्या दक्षिणेतली मुले गव्हाच्या उत्तरेतल्या मुलांपेक्षा नात्याने जास्त गट करतात, असे त्यात आढळले. टालहेम यांनी पुढे चीनच्या निंगशिया प्रदेशातले दोन सरकारी शेतमळे घेतले, एक भाताचा आणि एक गव्हाचा. तिथेही कल तोच निघाला. तेव्हा सहभागी सध्या कुठे शिकतो हे गौण. कोणत्या जिल्ह्यात वाढला ते विचारा, आणि तो जिल्हा छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या रेषेच्या उत्तरेला (गहू) की दक्षिणेला (भात), हे नोंदवा. बीजिंगच्या एका विद्यापीठातून शंभर मुले उचललीत तर त्यांत ग्वांगडाँगची मुलेही येतील आणि लियाओनिंगचीही. सरासरी येईल, पण ती कुणाचीच नसेल.

त्रिकुटे: खरी अडचण इथे आहे

चिनी शब्द अक्षरांचे बनतात आणि बहुतेक अक्षरांना स्वतःचा अर्थ असतो. दोन शब्दांत एकच अक्षर आले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती जोडी विचार करण्याआधीच दिसते.

आगगाडी, बस, रूळ हे त्रिकूट घ्या. चिनीत आगगाडी म्हणजे ‘ह्वोछ’, शब्दशः आग-गाडी, अगदी आपल्यासारखीच. बस म्हणजे ‘कुंगकुंग छीछ’. दोन्हींच्या शेवटी गाडीचे ‘छ’ हे अक्षर. रुळाच्या शब्दात ते पूर्ण अक्षर म्हणून नाही, फक्त एका अक्षराचा घटक म्हणून आहे. मराठीत ‘आगगाडी, मोटारगाडी, रूळ’ असे विचारले तर जे होईल तेच इथे होते: ‘गाडी’ आणि ‘गाडी’ एकमेकींना ओढतात. उत्तर जातीकडे झुकते आणि तुम्ही लिहून मोकळे होता की सहभागी विश्लेषक आहे.

उलटा झोलही तेवढाच सोपा. हातमोजा, मफलर, हात. चिनीत हात म्हणजे ‘शौ’ आणि हातमोजा म्हणजे ‘शौथाव’. मराठीतही हातमोजात हात बसलेलाच आहे. इथे ओढ नात्याकडे जाते. त्यात चिनीत मोजताना लावायचा शब्दही जुळतो: हातांची जोडी ‘श्वांग’ आणि हातमोजांची जोडीही ‘श्वांग’, पण मफलरला ‘थ्याव’. या त्रिकुटावर ‘चिनी लोक समग्र विचार करतात’ हे सिद्ध करायला चिनी माणूस लागतच नाही, शब्दकोश पुरतो.

तिसरा सापळा अनुवादकालाही पटकन दिसत नाही. माकड, पांडा, केळे हे त्रिकूट फार वापरले जाते. वरवर स्वच्छ आहे, एकही पूर्ण अक्षर समान नाही. पण मुख्य भूमीवरच्या सोप्या लिपीत माकडाच्या आणि पांडाच्या शब्दांत एकेक अक्षर असे आहे की ज्याच्या डाव्या बाजूला पशूचे तेच चिन्ह लिहितात. छापील कागदावर ते सरळ डोळ्यात भरते.

म्हणून प्रत्येक त्रिकुटासाठी एक तक्ता करा. तीन जोड्या आणि प्रत्येक जोडीपुढे चार रकाने: समान अक्षर आहे का, अक्षराचा समान घटक आहे का, मोजण्याचा शब्द समान आहे का, दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यात जोडून येतात का. पहिल्या दोन रकान्यांपैकी एकातही ‘हो’ आले तर ते त्रिकूट टाका. मोजण्याच्या शब्दावर इतके कडक राहू नका. एकाच जातीच्या वस्तूंना बहुधा एकच शब्द लागतो, ती भाषेची रचनाच आहे. फक्त तो शब्द प्रश्नात छापू नका. शिक्षक, डॉक्टर, गृहपाठ हे त्रिकूट या चाळणीतून बऱ्यापैकी निघते: समान अक्षर नाही, समान घटक नाही, फक्त शिक्षक आणि डॉक्टर या दोघांना आदराचा ‘वेइ’ लागतो.

शब्दांऐवजी चित्रे वापरली की सुटलो, असेही सांगितले जाते. निम्मेच सुटतो. मोठा माणूस चित्र पाहताना मनात नाव घेतोच, आणि चित्रात गाय गवताकडे तोंड करून काढली असेल तर नाते चित्रकारानेच जोडून दिले. चित्रे वापरायचीच असतील तर तिन्ही एका आकाराची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोर बघणारी हवीत.

प्रदेश बदलला की तक्ता पुन्हा भरा. बसला मुख्य भूमीवर ‘कुंगकुंग छीछ’ म्हणतात, तैवानात ‘कुंगछ’, हाँगकाँगमध्ये इंग्रजीवरून आलेला ‘बासी’. हाँगकाँगच्या शब्दात गाडीचे अक्षरच नाही. म्हणजे एकच त्रिकूट बीजिंगला जातीकडे कललेले आणि हाँगकाँगला तसे नाही. लिपीही बदलते: मुख्य भूमी आणि सिंगापूरसाठी सोपी अक्षरे, तैवान आणि हाँगकाँगसाठी पारंपरिक. भाषांतराची कटकट नको म्हणून इंग्रजी येणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीत चाचणी देणे तर सपशेल चूक. ली-चुन ची, झांग आणि निस्बेट यांनी २००४ मध्ये दाखवले की मुख्य भूमीचे आणि तैवानचे द्विभाषिक लोक चिनीपेक्षा इंग्रजीत नात्याने कमी गट करतात, तर हाँगकाँग आणि सिंगापूरच्या चिनी लोकांत भाषेने फरक पडला नाही.

सोळा त्रिकुटे लिहा आणि वीस-पंचवीस जणांवर करून पाहा. ज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एकाच जोडीवर जातात ते काहीच मोजत नाही, काढा. शेवटी दहा उरली पाहिजेत. त्यांत दहा भरतीची मिसळा, ज्यांत जात आणि नाते असा पेच नसतो, म्हणजे हेतू ओळखता येणार नाही. तीन शब्दांचा क्रम प्रत्येकासाठी संगणकाकडून उलटसुलट करून घ्या.

सूचनेचे एक वाक्य

‘कोणत्या दोघांचा संबंध जवळचा?’ असे विचारायचे तर चिनीत ‘क्वानशी’ हा शब्द येतो. क्वानशी म्हणजे संबंध, आणि लागेबांधेही. हा शब्द छापलात की उत्तर प्रश्नातच दिले. ‘कोणते दोन एका गटात बसतात?’ हे जातीकडे ढकलते. मराठीत ‘नाते’, ‘गट’ आणि ‘एकत्र ठेवा’ असे तीन शब्द वापरून घरच्यांना विचारून पाहा, ओढ लगेच जाणवेल. ‘कोणते दोन एकत्र ठेवाल?’ हे त्यातल्या त्यात सपाट वाक्य आहे. ते घ्या आणि सगळ्या गटांना अक्षर न बदलता तेच द्या.

प्रश्नावली

दुसरा मोठा खड्डा. ज्याला विसंगती खटकत नाही अशा माणसाला तुम्ही विसंगत विधाने देता. ‘माणूस काळाबरोबर बदलतो’ याला तो हो म्हणतो, आणि चार विधानांनंतर ‘आज प्रामाणिक असलेला पुढेही प्रामाणिकच राहील’ यालाही. दुसरे विधान उलटे आहे, त्याचे गुण उलटवले की दोन्ही एकमेकांना खातात आणि माणूस मधोमध जाऊन बसतो. विश्वासार्हतेचा आकडा घसरतो. मग सल्ला मिळतो की उलटी विधाने काढून टाका. काढलीत तर उरते ती फक्त ‘हो’ म्हणण्याची सवय. मोजपट्टीच मोजायच्या वस्तूने वाकली आहे. ती कापून सरळ होत नाही.

करायचे ते असे. सरळ आणि उलटी विधाने समसमान ठेवा. गुण उलटवण्यापूर्वी प्रत्येकाच्या सगळ्या उत्तरांची सरासरी काढा. ती त्याची होकाराची सवय, वेगळा रकाना करून ठेवा आणि विश्लेषणात तिचा हिशोब धरा. विसंगतीच्या भागासाठी विधानांऐवजी प्रसंग द्या: दोन शेजाऱ्यांचे भांडण, दोन बाजू, आणि ‘एकाचीच बाजू खरी’ की ‘दोघांचेही काही खरे’ यातून निवड.

मधला आकडा चिनी सहभागी जास्त निवडतात म्हणून सहाचीच श्रेणी करा, हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. टोक टाळून मधला मार्ग धरणे याला चिनी परंपरेत ‘चुंगयुंग’ असे नाव आहे आणि त्यावर वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. मधला आकडा काढलात तर जे मोजायला निघालात तेच पुसून टाकलेत.

अनुवादकाला एक गोष्ट लेखी सांगा: चार अक्षरी म्हणी नकोत. ‘वस्तू टोकाला गेली की उलटते’ अशा अर्थाची ‘वू ची पी फान’ ही म्हण चिनी अनुवादकाच्या हाताला आपोआप येते, वाक्य छान वाटते आणि सगळे सात देतात. ‘अति तेथे माती’ला कोणता मराठी माणूस असहमत म्हणेल? तो विचार सांगत नाही, पाठांतर सांगतो.

देशादेशांची तुलना या सरासऱ्यांवर करू नका. ‘मी बऱ्यापैकी लवचीक आहे’ हे माणूस शेजाऱ्याशी ताडून म्हणतो, आणि बीजिंगचा शेजारी वेगळा, शिकागोचा वेगळा. तुलना करायचीच असेल तर आधी मापन-समानता तपासा, म्हणजे प्रश्नावली दोन्हीकडे तीच गोष्ट त्याच मापाने मोजते का ते पाहा. बंधने वाढवताना सीएफआय (प्रारूप माहितीशी किती जुळते ते सांगणारा आकडा) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर तिथेच थांबा.

रेघेची चाचणी

चौकटीतली रेघ पाहून दुसऱ्या आकाराच्या चौकटीत काढायची. समजा ९० मिलिमीटर चौकटीत ३० ची रेघ. १५० च्या चौकटीत ‘तेवढीच’ सांगितली तर ३०, ‘त्याच प्रमाणात’ सांगितली तर ५०. दोन्हींतली चूक मिलिमीटरमध्ये मोजा आणि पहिलीतून दुसरी वजा करा. फरक जितका मोठा तितके लक्ष संदर्भाकडे. ही चाचणी २००३ मध्ये जपानी आणि अमेरिकन लोकांवर बांधली होती, त्यामुळे तिथले आकडे चिनी नमुन्याला लावू नका. मोबाइलवर देऊ नका. संगणकावर द्यायची तर सहभागीला आपले ओळखपत्र पडद्याला लावून त्याच्याएवढा आयत ओढायला सांगा. कार्ड ८५.६ मिलिमीटर रुंद असते, त्यावरून पडद्याचे माप कळते.

भरून घेणे

गुगल फॉर्म मुख्य भूमीवर उघडत नाही. तिथे वेन्च्वानशिंग हे चिनी प्रश्नावलीचे संकेतस्थळ वापरतात आणि दुवा वीचॅटवरून जातो. परदेशी संस्थेला चीनमध्ये थेट सर्वेक्षण करता येत नाही. चिनी विद्यापीठातला सहकारी आणि तिथली परवानगी आधी मिळवा. वैयक्तिक माहितीचा कायदा नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे, म्हणून फोन क्रमांक मागूच नका. त्रिकुटे आधी, प्रश्नावली नंतर. उलटे केलेत तर २४ विधाने वाचून सहभागी शहाणा झालेला असतो.

गुण

नात्याच्या जोड्या भागिले उत्तर दिलेली खरी त्रिकुटे. भरतीची मोजू नका.

एका माणसाचे त्रिकूट, प्रश्नावली आणि रेघ यांचे गुण मिसळून त्याला ‘इतके टक्के समग्र’ असा शिक्का मारू नका. जिन्क्युंग ना आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की गटागटांत फरक दाखवणाऱ्या या चाचण्या एकाच समाजातल्या व्यक्तींमध्ये एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. गटाबद्दल बोला, व्यक्तीबद्दल नको. नोकरीच्या मुलाखतीत तर ही चाचणी वापरूच नका.

शेवटी तीन त्रिकुटांवर ‘का?’ विचारा आणि एका ओळीची जागा ठेवा. उत्तरे दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावीत, निवड झाकून, फक्त कारण वाचून. कुणी गाय आणि कोंबडी जोडते आणि लिहिते, ‘दोन्ही आजीच्या अंगणात असतात’. निवड जातीची, कारण नात्याचे. अशी उत्तरे दहात दोनपेक्षा जास्त निघाली तर ते त्रिकूट पुढच्या वेळी बदला, आणि या वेळच्या हिशोबातून काढून उरलेल्या नवांवर गुण पुन्हा काढा.