दहावीच्या फिजिक्सचा सराव घेताय? आधी स्वतः सोडवा

दिवाळीची सुट्टी संपली की दर वर्षी सोसायटीत, वाड्यात, नात्यात कुणीतरी म्हणतंच, "तू इंजिनिअर ना, मग पोरांचा फिजिक्सचा सराव घे की." आपणही हो म्हणून बसतो. हे लिहिणं अशा हो म्हणून बसलेल्यांसाठी आहे. मुलांना काय अभ्यास करायचा ते त्यांचे शिक्षक सांगतात. मी सांगतोय ते प्रश्न काढणाऱ्याने काय तयारी करायची ते.

कागद, पेन, पुस्तक, बोर्डाच्या मागच्या प्रश्नपत्रिका हे धरून चाललोय. पुस्तक मात्र राज्य मंडळाचं, चालू आवृत्तीचं हवं. आपल्या वेळचं कपाटातून काढू नका, धडेही बदललेत आणि शब्दही. मुलं सेमी-इंग्रजीची (विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकणारी) असतील तर संज्ञा दोन्ही भाषांत लिहा. 'अपवर्तनांक' वाचून ती शेजारच्याच्या कागदात डोकावतात, 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स' म्हटलं की लगेच लिहायला लागतात.

पेपरचा अंदाज घ्या. विज्ञान भाग १ चाळीस गुणांचा, दोन तासांचा. दहा धड्यांत आपल्या कामाचे सहा: गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा. बाकीचं रसायन, ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाला. एका गुणाचे प्रश्न, दोन गुणांची शास्त्रीय कारणं, तीन गुणांचे आठातले पाच, शेवटी पाच गुणांचा एक. आणि कॅल्क्युलेटर नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी प्रश्न काढताना नेमकं हेच विसरायला होतं.

म्हणून पहिली गोष्ट, आणि खरं तर एकच गोष्ट: काढलेलं प्रत्येक गणित मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः सोडवा. कागदावर, पेनाने, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. "सोपंच तर आहे, नुसता आकडा बदललाय" असं वाटेल तेव्हा तर नक्कीच सोडवा. मागच्या खेपेला मी पुस्तकातली उदाहरणं घेऊन भराभर आकडे बदलले आणि झेरॉक्सला दिले. त्यातलं एक होतं, २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा ३० ग्रॅम बर्फ टाकला, अंतिम तापमान काढा. एका मुलीने नीट पायऱ्या लिहून उत्तर काढलं, उणे ३.०८ अंश, एककासकट. मग हळूच विचारलं, "काका, उणे तीनला पाणी पाणीच कसं राहील?"

राहणार नाहीच. ते पाणी २० वरून शून्यावर येताना २००० कॅलरी देतं. तीस ग्रॅम बर्फ वितळवायला ३० गुणिले ८०, म्हणजे २४०० लागतात. तेव्हा २५ ग्रॅम वितळतो, पाच ग्रॅम तसाच तरंगत राहतो आणि तापमान शून्यावर थांबतं. पाच गुणांच्या प्रश्नात हे मुद्दाम विचारलं असतं तर उत्तम प्रश्न झाला असता. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. हातात पेन घेऊन दोन ओळी सोडवल्या असत्या तर तिथेच कळलं असतं. साधं गणित हवं असेल तर २० अंशाचं ९० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम बर्फ घ्या. १८०० मधून ८०० वजा, उरलेल्या हजाराला १०० ने भाग, १० अंश. वाफेपर्यंत न्यायचं तर शून्य अंशाचा पाच ग्रॅम बर्फ: ४००, ५००, २७००, मिळून ३६०० कॅलरी.

भिंगांच्या धड्यात सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण तिथे अपूर्णांक उलटे असतात आणि कुठलाही आकडा टाकला तरी प्रश्न दिसायला बरा दिसतो. नाभीय अंतर २० सेमी, वस्तू २३ सेमीवर, वाचायला काय वाईट आहे? सोडवा म्हणजे कळेल, उत्तर १५३.३३ येतं आणि मूल तीनदा तपासत बसतं. इथे एक युक्ती आहे. वस्तूच्या अंतरातून नाभीय अंतर वजा करा. जे उरेल त्याने नाभीय अंतराच्या वर्गाला निःशेष भाग गेला पाहिजे. भागाकारात नाभीय अंतर मिळवलं की प्रतिमेचं अंतर तयार. नाभीय अंतर १० असेल तर वर्ग १००. वस्तू १४ वर ठेवा, उरले ४, भागाकार २५, प्रतिमा ३५ वर. १२ वर ठेवली तर ६०, १५ वर तर ३०. नाभीय अंतर २० ला २५ दिले की १००, २८ दिले की ७०, ३६ दिले की ४५. अंतर्वक्र भिंगाला वजाबाकीऐवजी बेरीज करा आणि भागाकार नाभीय अंतरातून वजा करा. नाभीय अंतर १० ला चांगल्या जोड्या थोड्याच निघतात: १० आणि ५, १५ आणि ६, ४० आणि ८. या जोड्या एका कागदावर लिहून ठेवा, जन्मभर पुरतील. तरीही सोडवाच, कारण कार्टेशियन चिन्हसंकेत. वस्तूचं अंतर उणे, अंतर्वक्राचं नाभीय अंतर उणे, उलट्या प्रतिमेचं विशालन उणे. उत्तरसूचीत तुमचंच एक उणे गळलं तर बरोबर लिहिलेल्या मुलाचे गुण तुम्ही कापणार, आणि तो बिचारा घरी जाऊन बरोबर ते चूक करून शिकणार.

भिंगाच्या शक्तीला नाभीय अंतर २०, २५, ४०, ५० सेमी घ्या. ३० घेतलं की ३.३३ डायॉप्टर, कशाला? निकटदृष्टितेला उणे अर्धा डायॉप्टर द्या, उणे दोन मीटर येतं. मीटर. सेंटिमीटरमध्ये भाग देणारी मुलं इथेच सापडतात.

किरणाकृती विचारणार असाल तर तीही पट्टी घेऊन स्वतः काढा. नाभीय अंतर ५ सेमी, वस्तू ६ सेमीवर असं देऊन मोकळे झालात तर प्रतिमा ३० सेमीवर जाते. भिंगाच्या अलीकडचे सहा आणि पलीकडचे तीस मिळून छत्तीस सेंटिमीटर, पानात बसतच नाही. नाभीय अंतर २, वस्तू ३, प्रतिमा ६, हे छान बसतं. वस्तूची उंची दीड ठेवा, प्रतिमा तीन येते.

गुरुत्वाकर्षणात एकच विचार करायचा: गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं की १०, ते प्रश्नातच छापा. छापलं नाही तर निम्मी मुलं हे घेणार, निम्मी ते, आणि तपासताना डोकं तुमचं उठणार. १० घेतलंत तर पडण्याची उंची ५, २०, ४५, ८० मीटर ठेवा, काळ १, २, ३, ४ सेकंद. ९.८ ला ४.९, १९.६, ४४.१, ७८.४. पण मुक्तिवेगाला १० अजिबात घेऊ नका. ९.८ आणि पृथ्वीची त्रिज्या ६.४ गुणिले १० चा सहावा घात घेतली की दोघांच्या गुणाकाराची दुप्पट १२५.४४ गुणिले १० चा सहावा घात येते, आणि १२५.४४ चं वर्गमूळ बरोब्बर ११.२. दहा घेतलं की १२८ चं वर्गमूळ काढत बसा. हेच मूल वैश्विक स्थिरांक ६.६७ आणि पृथ्वीचं वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात घेऊन दुसऱ्या वाटेने गेलं तर ११.१८ येईल. तेही बरोबर आहे. उत्तरसूचीत दोन्ही लिहून ठेवा. आणि हे दुसरं उत्तर तुम्हाला कधी कळणार? दोन्ही वाटांनी स्वतः सोडवल्यावर. चंद्रावरच्या वजनाला ६० किलोचा माणूस घ्या, ५८८ न्यूटनचे ९८ होतात.

अवकाश मोहिमांतला उपग्रहाचा क्रांतिक वेग हे वर्गमूळाचं दुसरं प्रकरण. स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार ४ गुणिले १० चा १४ वा घात असा प्रश्नातच देऊन टाका आणि उंची ९६०० किमी ठेवा. त्रिज्या धरून १६००० किमी, वेग नेमका ५ किमी प्रति सेकंद. मी उत्तर आधी ठरवून उलटं जायचा प्रयत्न केला होता, म्हटलं ८ किमी प्रति सेकंद येऊ दे. कक्षेची त्रिज्या निघाली ६२५० किमी, म्हणजे उपग्रह जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर फिरतोय. हे निदान झेरॉक्सच्या आधी सापडलं, कारण सोडवून पाहिलं. ३५७८० किमीवाल्या भूस्थिर उपग्रहाचं पुस्तकातलं गणित पुस्तकातच राहू द्या, मुलांनी ते तसंही केलेलं असतं.

विजेला २२० व्होल्ट घेणार, तर शक्ती ४४०, ११०० किंवा २२०० वॅट ठेवा. धारा २, ५, १० अँपिअर, रोध ११०, ४४, २२ ओहम. १०० वॅटच्या बल्बचा रोध ४८४, ४० वॅटचा १२१०, पण ६० वॅटचा ८०६.६७. साठचा बल्ब घराघरात होता म्हणून हटकून तोच सुचतो, टाळा. ज्यूलचं कॅलरीत रूपांतर म्हणजे ४.१८ ने भाग, इथे मुलं रडकुंडीला येतात. ११०० वॅटचा हीटर ३८ सेकंद चालवा, ४१८०० ज्यूल, दहा हजार कॅलरी. तीच उष्णता एक किलो पाण्याला दिली की तापमान १० अंशांनी वाढतं. दोन धडे एका प्रश्नात येतात आणि पाच गुणांचा प्रश्न तयार होतो. फ्लेमिंगचे दोन्ही नियम विचारा, पण एकाच पेपरात नको, हात उलटसुलट करून बाकं वाजतात.

अपवर्तनात कोन ३०, ४५, ६० याबाहेर जाऊ नका, ज्या कोनांच्या किमती पाठ नाहीत ते देऊन काय मिळणार? ४५ ला ३० दिला की अपवर्तनांक वर्गमूळ दोन, ६० ला ३० दिला की वर्गमूळ तीन. काचेला दीड, प्रकाशाचा वेग २ गुणिले १० चा आठवा घात. पाण्याला १.३३ ऐवजी चार तृतीयांश लिहा, २.२५ येतो.

शास्त्रीय कारणं सोडवायची गरज नाही असं वाटेल. आहे. तारे लुकलुकतात पण ग्रह नाहीत, हीटरमध्ये नायक्रोम का, फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली पाण्याची बाटली का फुटते, अशा प्रत्येकाचं उत्तर स्वतः चार ओळींत लिहा आणि दोन गुण कुठल्या दोन मुद्द्यांना देणार ते बाजूला खूण करा. मी एकदा बाटलीचं लिहायला बसलो आणि "पाणी गोठताना प्रसरण पावतं" यापुढे पेन हलेना. ४ अंशांखाली थंड होत जातानाच प्रसरण सुरू होतं, ही असंगत आचरणाची ओळ नसेल तर एक गुण कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवता येत नाही.

आता बाकीचं. पेपर छापण्याआधी एका मोठ्या भावंडाला किंवा अकरावीतल्या मुलाला सोडवायला द्या, तुम्हाला न दिसलेलं त्याला दिसतं. त्याने सोडवला म्हणून तुमचं सोडवणं सुटत नाही. तुम्हाला लागला त्याच्या अडीच-तीनपट वेळ मुलांना लागतो, चाळीस गुणांचा पेपर पाऊण तासात तुमच्याच्याने उरकत नसेल तर प्रश्न कमी करा. झेरॉक्स दोन जास्त काढा. घड्याळ भिंतीवरचं. बसायला टेबल, गादीवर नको. पालकांना चहा-बिस्किटं घेऊन मध्येच आत येऊ नका म्हणून आधीच सांगा.

तपासताना सूत्राला, आकडे घालण्याला आणि एककाला वेगवेगळे गुण द्या, नुसतं उत्तर बघून फुली मारू नका. चार-पाच जणांचं एकच उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर आधी स्वतःचा कागद काढा. आठवड्याच्या आत परत द्या. परीक्षेला आठ दिवस उरले की नवा पेपर काढायचा नाही, जुन्यातलीच चुकलेली गणितं पुन्हा द्यायची.